हात दुखतोय म्हणून कीबोर्ड बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरवर काम. गेले चार महिने उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत दुखतो, अधूनमधून बोटांना मुंग्या येतात. पंधरा दिवस रजा काढून हाताला पूर्ण आराम दिला तेव्हा बरं वाटलं, कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मनगटाला पट्टा बांधून झाला, मलम चोळून झालं. आता महागडा कीबोर्ड घ्यावा, आणखी विश्रांती घ्यावी की कामच बदलावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गेली वीसेक वर्षं माझा बहुतेक दिवस लोकांचे हात बघण्यात जातो. तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ते ‘तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच’. आरामाने तुमचा हात शांत झाला, पण कामासाठी तयार झाला नाही. उलट पंधरा दिवसांत थोडा कच्चाच झाला, आणि तशा हातावर तुम्ही पहिल्याच दिवशी पुन्हा दहा तासांचं ओझं टाकलंत. कीबोर्ड बदलूनही हेच झालं असतं, फक्त थोडं उशिरा.

उपायांकडे जाण्याआधी नेमकं काय दुखतंय ते पाहू. आपल्याकडे बोलताना एक गंमत होते. रक्तवाहिनी दुखली तरी नस, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा दुखली तरी नस, आणि मज्जातंतू दबला तरी नसच. ‘नस दबलीय’ असं सांगत येणाऱ्या कित्येकांची कुठलीच नस दबलेली नसते. आणि अशा दुखण्यांना सरसकट लावलं जाणारं आरएसआय (रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी) हे तरी कुठे एका आजाराचं नाव आहे? तीच ती हालचाल वारंवार केल्याने होणाऱ्या दहा-बारा वेगवेगळ्या दुखण्यांना एका पिशवीत घालून वर लावलेली ती चिठ्ठी आहे. त्या दुखण्यांचे उपचार एकसारखे नाहीत, काही तर एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून मैत्रिणीला लागू पडलेला पट्टा तुम्हाला लागू पडत नाही.

मुंग्यांपासून सुरुवात करा. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा पेन घ्या आणि जिथे मुंग्या येताहेत तेवढा भाग हातावरच रेखून टाका. ‘सगळ्या बोटांना येतात’ असं सांगणारा माणूस पेन हातात घेतल्यावर बहुतेक वेळा वेगळं चित्र काढतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू रंगली, करंगळी कोरी राहिली, तर मनगटातल्या कार्पल टनेलचा संशय घ्यायचा. हा मनगटातला अरुंद बोगदा. तीन बाजूंनी हाडं, वर घट्ट पट्टीचं छत, आणि आत बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरांच्या गर्दीत एकच मज्जातंतू. आतली गर्दी जराशी सुजली की दबतो तो मज्जातंतूच. रात्री हात बधिर होऊन जाग येणं आणि तो झटकल्यावर बरं वाटणं ही याची जुनी ओळखीची खूण. घरी करून बघण्यासारखी चाचणीही आहे: दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून, मनगटं दुमडलेली एक मिनिट ठेवायची. त्याच बोटांना मुंग्या आल्या तर संशय वाढतो, खात्री मात्र होत नाही.

इथे एक गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांना पटत नाही, तरी सांगते. कार्पल टनेलचा कीबोर्डशी संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही. जोर लावून पकडण्याची कामं आणि थरथरणारी यंत्रं यांच्याशी तो कितीतरी जास्त पक्का आहे. मधुमेह, थायरॉईड कमी असणं, गरोदरपण, संधिवात यांतही हे दुखणं दिसतं. म्हणून त्या तीन-साडेतीन बोटांत मुंग्या असतील, विशेषतः दोन्ही हातांत, तर माऊसला दोष देण्याआधी साखर आणि थायरॉईड तपासून घ्या.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू रंगली तर गोष्ट मनगटाची नाही, कोपराची. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तोच हा मज्जातंतू, आणि कोपराच्या आतल्या बाजूला तो अगदी कातडीखाली असतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, करंगळी बधिर. त्यांनी मनगटाखाली ठेवायच्या तीन वेगवेगळ्या गाद्या घेऊन बघितल्या होत्या. मी त्यांना नेहमीसारखं बसायला सांगितलं. त्या बसल्या, डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकवलं, हनुवटी तळहातावर ठेवली आणि उजव्या हाताने स्क्रोल करत वाचायला लागल्या. दिवसाचे तीन-चार तास असंच वाचन, आणि बधिर होती ती डावीच करंगळी. टेबलाची कड सोडली, रात्री कोपर पूर्ण दुमडू नये म्हणून त्याला टॉवेल सैलसर गुंडाळून झोपल्या, फोन खांद्याशी धरून बोलणं बंद केलं. दोन महिन्यांत करंगळी जागी झाली. गाद्या अजून कपाटात असतील.

मान वळवली किंवा वर बघितलं की हातात कळ उतरत असेल तर हात सोडून मानेकडे बघायचं. आणि मुंग्या नगण्य, मुख्य तक्रार दुखण्याची, रग लागल्यासारखी, हात भरून आल्यासारखी, दुपारनंतर वाढणारी, तर ते बहुधा कंडरांचं आणि स्नायूंचं. तुमचं वर्णन वाचून माझा अंदाज तिकडेच जातो: कोपराखालच्या हाताच्या मागच्या बाजूचे, मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू. पडताळून बघा. कोपर सरळ, तळहात जमिनीकडे, मूठ वळून मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ती मूठ खाली दाबा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ आली तर टेनिस एल्बो. याला टेनिस खेळावं लागत नाही, माऊस पुरतो. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या दिशेने झुकवल्यावर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जोरात चमक निघाली, तर अंगठ्याच्या कंडरांचं दुखणं आणि संशयित बहुधा मोबाईल.

आता ज्यासाठी मी पेशंटला स्वतःचा लॅपटॉप घेऊन यायला सांगते ते. मोबाईल टेबलावर टेकवून ठेवा, कॅमेरा उजव्या हाताकडे, आणि काम करत असताना दहा मिनिटांचं चित्रीकरण करा. कॅमेरा विसरून जा. मग ते बघताना टायपिंगकडे लक्ष देऊ नका, टायपिंग थांबलेलं असताना हात काय करतोय ते बघा. हमखास दिसणारं दृश्य असं: माणूस स्क्रीनवर काहीतरी वाचतोय, विचार करतोय, दोन मिनिटं एकही क्लिक नाही, पण तर्जनी माऊसच्या बटणापासून वीतभर नाही, जेमतेम एक-दोन मिलिमीटर वर हवेत अधांतरी. चुकून क्लिक होऊ नये म्हणून उचलून धरलेली. अंगठा आणि करंगळी माऊस दोन्ही बाजूंनी आवळून आहेत. खांदा कानाकडे अर्धा इंच चढलेला. माणसाला विचारलं तर सांगेल, ‘आत्ता तर हात आरामात होता.’

ते एक बोट उचलून धरायला लागणारा जोर नगण्य आहे, आणि तिथेच खोच आहे. जोर कमी असला की स्नायूतले तेच ते थोडे बारीक तंतू कामाला लागतात, सर्वांत आधी, आणि सुटतात सर्वांत शेवटी. संशोधकांनी त्यांना सिंड्रेला तंतू असं नाव दिलंय: घरात आधी उठणारी आणि शेवटी झोपणारी. ही एक मांडणी आहे, सगळं तिच्यावरून समजतं असं नाही. पण ‘मी काही जड उचलत नाही, मग दुखतं का?’ या रोजच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. जड उचलणारा माणूस खाली तरी ठेवतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: क्लिक करायचं नसेल तेव्हा हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवायचा. वाचताना, विचार करताना, मीटिंगमध्ये ऐकताना. पहिले चार दिवस सारखं विसरायला होतं. माऊसवर एक रंगीत ठिपका चिकटवा, तो दिसला की हात मांडीवर.

मांडणीबद्दल थोडक्यात, कारण खुर्ची-टेबलावर लोक गरजेपेक्षा जास्त डोकं चालवतात. कोपरं अंगालगत, काटकोनात किंवा थोडी अधिक उघडी, खांदे सैल, पाय जमिनीला टेकलेले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. दुहेरी काचेचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर दिवसभर हनुवटी वर करून मान दुखवून घ्याल. लॅपटॉपची अडचण उघड आहे, स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक नीट केलं की दुसरं बिघडतं. लॅपटॉप उंचावर ठेवा आणि साधा वेगळा कीबोर्ड नि माऊस जोडा. सगळ्या खरेदीत मी आधी करायला सांगते ती एवढीच.

दोन बारीक गोष्टींकडे मात्र नीट बघा. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन घडीचे पाय असतात, ते मिटून टाका. ते उघडे असले की कीबोर्ड मागून उंच होतो आणि मनगट मागे वाकून राहतं, म्हणजे तेच दुखरे स्नायू पुन्हा कामाला. दुसरी गोष्ट आकड्यांची. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीमुळे माऊस वीतभर लांब जातो आणि उजवा हात दिवसभर बाहेर ताणून राहतो. आकडे फारसे टाइप करत नसाल तर ती पट्टी नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. हीच एक कीबोर्ड-खरेदी मला पटते. दोन तुकड्यांचे, वाकडे, उभे कीबोर्ड काहींना मानवतात, पण ते दुखण्यावरचं औषध नव्हेत. मनगटाखालची गादी टाइप करताना टेकायची नसते, थांबल्यावर टेकायची असते, आणि तीही मनगट नव्हे, तळव्याची टाच.

माऊस डाव्या हातात घेऊ का, हे पुढचं. घ्या, पण सगळं काम तिकडे ढकलू नका. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्यांबद्दल लिहून ठेवलंय. दिवसभर बोरू चालवून एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकला आणि काही काळाने डाव्यालाही तेच दुखणं जडलं. लेखनिकांच्या त्रासाची कारणं रामाझ्झिनीने तीन दिली: सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षं झाली, मला त्यात भर घालण्यासारखं फार काही सापडलेलं नाही. तिसऱ्या कारणाला लोक हसतात, पण मुदत जवळ आली की माऊसवरची पकड घट्ट होते, हे त्या चित्रीकरणात डोळ्यांनी दिसतं.

दुसऱ्या कारणावर उतारा म्हणजे विश्रांतीचे तुकडे. दुपारच्या एका मोठ्या सुट्टीपेक्षा दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धं मिनिट हात सोडणं आणि तासाला चार-पाच मिनिटं उठणं जास्त कामाचं. वरिष्ठ काय म्हणतील ही भीती असते. अमेरिकेत डेटा एन्ट्री करणाऱ्यांना नेहमीच्या सुट्ट्यांवर तासागणिक पाच मिनिटांची जादा विश्रांती देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचा त्रास कमी झाला आणि काम घटलं नाही. आठवणीवर विसंबू नका, वर्करेव्हसारखा वेळेवर स्क्रीन अडवणारा फुकट प्रोग्राम टाका. शिफ्ट-कंट्रोल दाबून धरताना करंगळी ताणली जात असेल तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ‘स्टिकी कीज’ चालू करा, मग बटणं एकामागून एक दाबली तरी चालतात. मोठे ईमेल बोलून लिहा.

इथपर्यंत झालं ओझं कमी करण्याचं. यावर थांबलात तर दुखणं निम्मं होऊन तिथेच रेंगाळेल, कारण चार महिने दुखणारी कंडरा बहुधा सुजलेली नसते. तिच्यातले धागे विस्कटलेले असतात, दोरीचा पीळ सुटावा तसे. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या अशा जुनाट दुखण्यात फार काही करत नाहीत, आणि आठवड्यांमागून आठवडे घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं यांचं नुकसान. त्या धाग्यांना पुन्हा सरळ लावायला मोजका भार लागतो.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता जोर. कोपराखालचा हात टेबलावर, तळवा खाली, डावा हात उजव्याच्या पाठीवर ठेवा. उजव्याने वर रेटा, डाव्याने वर येऊ देऊ नका. मध्यम जोर, तीस-चाळीस सेकंद, मिनिटभर थांबून पुन्हा, असं चार-पाच वेळा, रोज. पुष्कळांना यानंतर काही वेळ हात हलका वाटतो.

तिसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. तीन सेकंदांत मनगट वर, चार सेकंदांत खाली. घाई केलीत तर व्यायाम वाया. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. दुखलं तर? दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या सकाळसारखाच असेल तर. सकाळी जास्त दुखला तर पाणी थोडं ओता, व्यायाम बंद करू नका. दोन आठवडे सहज जमलं की बाटली मोठी. याला जोडून खांद्याचे व्यायामही लागतात, पण ते प्रत्यक्ष बघून ठरवावे लागतात. बारा आठवड्यांचा हिशेब धरा. तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात, कारण तेव्हा फरक अजून जाणवत नाही.

बोटांमध्ये चेंडू दाबत बसू नका. हा सल्ला कुठून आला देव जाणे, घरोघरी पोचलाय. बोटं मिटणारे स्नायू दिवसभर बटणं दाबून आणि माऊस आवळून आधीच थकलेले असतात. व्यायाम हवाच असेल तर बोटांभोवती रबरबँड घालून ती हळूहळू उघडा.

पट्टा कशासाठी वापरायचा याचाही घोटाळा असतो. कार्पल टनेल असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री, सहा आठवडे तरी, चांगलं काम करतो, कारण झोपेत मनगट दुमडलं जातं आणि बोगद्यातला दाब वाढतो. तोच पट्टा दिवसा बांधून टाइप केलंत तर हात पट्ट्याशीच झुंजत राहतो आणि खांदा उचलून भरपाई करतो. तुम्ही तो दिवसाच बांधत असणार असं मला वाटतं. मज्जातंतूचं दुखणं असेल तर तो ताणणारे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका. दबलेला मज्जातंतू ताणला की चिडतो.

इंजेक्शनबद्दल विचाराल म्हणून सांगते. कार्पल टनेलमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन काही महिन्यांचा दिलासा देऊ शकतं. अंगठ्याच्या कंडरांनाही बरेचदा मानवतं. टेनिस एल्बोत मात्र मी त्याच्या विरोधात आहे. पहिले सहा आठवडे जादू वाटते, पण वर्षाने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली असते, हे नीट केलेल्या अभ्यासांतून पुढे आलंय.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मुंग्या जाऊन कायमचा बधिरपणा आला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, शर्टाची बटणं लावता येईनात, हातातून कप सुटू लागला: मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो याचा तपास करावा लागेल आणि कदाचित छोटी शस्त्रक्रियाही. उशीर केला तर गेलेला स्नायू पूर्ण परत येत नाही. दोन्ही हात बधिर आणि चालताना तोल जातोय, तर मानेच्या मणक्यातून जाणारा मज्जारज्जू दबलेला असू शकतो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली, सांधे सुजलेले, तर संधिवाताची तपासणी. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन हात दुखत असेल तर ते आरएसआय समजून घरी थांबू नका.

काम बदलायचं का? माझ्या मते इतक्यात नाही. कामावर परतताना मात्र यावेळी हिशेबाने परता. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांचे तुकडे, मध्ये पाच मिनिटं हात न लावता करायची कामं, दिवसाकाठी चार-पाच तास. मग दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवा. मधूनच एखाद्या आठवड्यात दुखणं उसळी मारेल, बहुधा काम तुंबलेलं असताना. तेव्हा पट्टा बांधून पंधरा दिवस पुन्हा रजेवर जाऊ नका. तीन दिवस टायपिंग निम्म्यावर आणा, बाटलीऐवजी पहिला, हालचाल न करण्याचा व्यायाम करा, आणि चौथ्या दिवशी जिथे होता तिथून पुढे चालू ठेवा.